ठोसा कुणाला लागला, ते आधी सांगा

२१ मार्च २०२५ ला अमेरिकेचा बॉक्सर जॉर्ज फोरमन गेला आणि त्याच्या जुन्या लढती आमच्या वऱ्हाडातल्या गावागावांत मोबाइलवर पुन्हा फिरू लागल्या. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्याने धावणारी पोरं असोत, तालुक्याच्या क्रीडा संकुलात संध्याकाळी बॅगवर हात चालवणारी असोत, की कापूस वेचणीच्या दिवसांतही सराव न चुकवणारी दोन-चार जिद्दी असोत, सगळ्यांच्या तोंडी एकच वाद आहे. हेवीवेटमध्ये, म्हणजे बॉक्सिंगच्या सगळ्यात जड वजनगटात, सगळ्यात जड हात कुणाचा? माइक टायसनचा, फोरमनचा, वाइल्डरचा, की त्या काळ्या-पांढऱ्या चित्रातल्या जो लुईसचा? वाद मला आवडतो. तो घालण्याची रीत मात्र फार वाईट आहे. एक जण नॉकआउटची टक्केवारी, म्हणजे विजयांपैकी किती लढती समोरच्याला पाडून संपवल्या तो हिशेब, तोंडावर फेकतो. दुसरा यंत्रावरचा आकडा सांगतो, तिसरा दहा सेकंदांची रील पुढे करतो. चौथा म्हणतो, वेगवेगळ्या काळांतल्या माणसांची तुलनाच होत नाही, सोडून द्या. मला या चौघांचंही पटत नाही. तुलना होते आणि ती करण्यासारखी आहे. पण ठोशाचं वजन मारणाऱ्याच्या दंडात शोधून सापडायचं नाही. तो कुणाला लागला, तो माणूस किती किलोचा होता, किती ताजा आणि किती सावध होता, लागल्यावर त्याचं पुढे काय झालं, हे विचारल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. असं विचारत गेलं तर माझं उत्तर फोरमन येतं. ते का, हे सांगण्याआधी समोरच्यांची बाजू नीट ऐकायला हवी, कारण तिच्यात बरंच खरं आहे.

सगळ्यात खरं आहे ते वजनाचं. संकुलातला एक पोरगा विचारतो, "काहून सर, सत्तर वर्षांआधीचा पंच्याऐंशी किलोचा माणूस आताच्या सव्वाशे किलोच्या माणसाले कसा पाडन?" प्रश्न चोख आहे. रॉकी मार्सियानोने १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला तेराव्या फेरीत पाडून विजेतेपद घेतलं, तेव्हा त्याचं वजन १८४ पौंड होतं, म्हणजे साडेत्र्याऐंशी किलो. १९१९ मध्ये जेस विलार्डला झोपवणारा जॅक डेम्प्सी १८७ पौंडांचा होता. १९३८ चा जो लुईस दोनशेच्या आतच होता. १९८० च्या सुमारास हेवीवेटच्या खालोखाल क्रूझरवेट नावाचा नवा गट निघाला आणि आज त्याची मर्यादा २०० पौंड आहे. म्हणजे ज्यांना आपण हेवीवेटचे महापुरुष म्हणतो, त्यांतले हे तिघं आज हेवीवेटमध्ये उतरलेच नसते. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने २०२० मध्ये ब्रिजरवेट म्हणून आणखी एक गट काढला, २२४ पौंडांपर्यंतचा. जो फ्रेझरला पाडणारा १९७३ चा फोरमन आणि मायकेल स्पिंक्सला दीड मिनिटात संपवणारा १९८८ चा टायसन हे दोघंही २१८ च्या आसपासचे, म्हणजे तेही या गटात मावतात. जुन्या लोकांनी लहान माणसांना पाडलं, हा आक्षेप म्हणून खोडून काढता येत नाही. तो गृहीत धरूनच पुढे जावं लागतं.

मात्र वजन म्हणजे ठोसा नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेत सात ऑलिम्पिक बॉक्सरांना मोजणीच्या बाहुल्याच्या चेहऱ्यावर सरळ ठोसे मारायला लावून एक अभ्यास झाला. त्यात सरासरी जोर ३४२७ न्यूटन (न्यूटन हे जोराचं माप) आला आणि सुपर हेवीवेटचा ४३४५. म्हणजे मोठ्या देहाचा फायदा आहेच. पण त्याच अभ्यासात ठोशामागे प्रत्यक्ष किती वस्तुमान उभं राहतं तेही काढलं, आणि सरासरी आली २.९ किलो. सव्वाशे किलोचा माणूस सव्वाशे किलोने मारत नाही. मूठ भिडते त्या क्षणी पाय, कंबर, खांदा आणि मनगट एका रेषेत किती घट्ट बांधले गेले आहेत, त्यावर ठोशामागचं वजन ठरतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोजणीत नवशिक्यांचा मागच्या हाताचा ठोसा २३८१ न्यूटनांचा आणि मुरलेल्यांचा ४८०० न्यूटनांचा निघाला. हा दुपटीचा फरक शिकण्यातून येतो. आणि शिकण्याच्या बाबतीत जो लुईस आजच्या कुणाला कमी पडला असता? त्याचे ठोसे वीतभर अंतरातून सुटायचे. मागे ओढलेला हात नाही, हवेत फिरवलेली कोपर नाही. आजही शिकवताना मी त्याचीच चित्रफीत लावतो, टायसनची नाही.

वजनाचा हिशेब प्रामाणिकपणे कसा करायचा, त्यासाठी डेम्प्सीची टोलेडोची लढत घेऊ. ४ जुलै १९१९. समोर २४५ पौंडांचा विलार्ड, म्हणजे ५८ पौंडांनी जड, आणि तो पहिल्याच फेरीत सात वेळा खाली. ही सातची संख्या ऐकून पोरांचे डोळे मोठे होतात. पण तेव्हा पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचा दंडक नव्हता. विलार्ड गुडघ्यावरून उठत असतानाच डेम्प्सी त्याच्या डोक्याशी उभा असायचा. आजच्या नियमात त्यातले निम्मे ठोसे बसले नसते. शिवाय विलार्ड ३७ वर्षांचा होता आणि तीन वर्षांहून अधिक काळ विजेतेपदासाठी लढलाच नव्हता. या सगळ्याची वजावट करा. तरी पहिल्यांदा तो पडला तेव्हा दोन पायांवर सरळ उभा होता, डोळे उघडे होते आणि समोरचा त्याच्याहून सव्वीस किलोंनी हलका होता, एवढं शिल्लक राहतंच. तेवढं डेम्प्सीच्या नावावर मांडायचं, सात नाही. पुढे १९२७ मध्ये शिकागोत हाच डेम्प्सी नव्या नियमाप्रमाणे कोपऱ्यात जायला उशीर करून बसला, पंचाची मोजणी उशिरा सुरू झाली आणि जीन टनी उठला. नियम बदलला की त्याच हाताची कामगिरी बदलते. मग नियम न सांगता आकडा सांगणाऱ्याचं ऐकायचं कशाला?

आता यंत्र. यंत्रावर माझा राग नाही, उलट ही बाजू मला मनापासून मोहवते. माणूस खोटं बोलेल, आठवण फसवेल, यंत्राला कुणी लाडकं नसतं. १९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेटच्या ठोशाची मोजणी छापून आली. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने गेली आणि जोर ४०९६ न्यूटन भरला. शास्त्रज्ञांनी समजावून सांगितलं की हा तडाखा सहा किलोचा, वर गादी बांधलेला लाकडी मोगर ताशी वीस मैलांनी आदळल्यासारखा आहे. उत्तम काम. पण टायसनपुढे त्याचं काय झालं? १९८९ मध्ये ब्रुनो पाचव्या फेरीत थांबवला गेला आणि १९९६ मध्ये तिसऱ्या. २०१७ मध्ये फ्रान्सिस एनगानू या मिश्र मार्शल आर्टच्या लढवय्याने दुसऱ्या एका यंत्रावर १,२९,१६१ चा विक्रम केला. हा आकडा पोरांना पाठ आहे. तो कुठल्या मापात आहे, हे मात्र एकालाही सांगता येत नाही, कारण ते त्या यंत्राचं स्वतःचं माप आहे. न्यूटन नाही, किलो नाही. ब्रुनोच्या ४०९६ शेजारी तो ठेवणं म्हणजे क्विंटलशेजारी एकर ठेवण्यासारखं आहे. तो विक्रमी हात ऑक्टोबर २०२३ मध्ये टायसन फ्युरी या ब्रिटिश हेवीवेटला (माइक टायसन वेगळा) लागला. फ्युरी तिसऱ्या फेरीत खाली बसला, उठला, दहाही फेऱ्या लढला आणि निकाल त्याच्या बाजूने गेला. मार्च २०२४ मध्ये अँथनी जोशुआने एनगानूलाच दुसऱ्या फेरीत आडवं केलं. यंत्र खोटं नव्हतं. यंत्रापुढे मारणारा पाय रोवून, हवा तेवढा वेळ घेऊन मारतो आणि गादी मान वळवत नाही, एवढाच फरक. पण बॉक्सिंग सगळं त्या फरकातच आहे.

हे आमच्या भागात कुणाला नव्याने समजवावं लागू नये. शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, शौकिनांना ते रक्तातून ठाऊक आहे. पटावर आता इलेक्ट्रॉनिक घड्याळ असतं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. त्यामुळे बंदीआधीच्या जोड्या भारी की नंतरच्या, हा आपला स्वतःचा 'काळाकाळाचा' वाद आहे. तिथे जाणता माणूस नुसती वेळ ऐकून कधी निकाल देतो का? तो विचारतो, पट कुठला? जमीन काळी भुसभुशीत होती की मुरमाड? आदल्या रात्री पाऊस होता का? धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कोण? आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी त्या पटावर दुसऱ्या कुठल्या जोड्या होत्या आणि ही कुणाला मागे टाकून गेली? तळेगाव दशासरच्या पटावरची वेळ दुसऱ्या गावच्या वेळेशेजारी मांडून कुणी छाती फुगवली, तर पारावरची म्हातारी मंडळी त्याला गप्प करतात. बैलांच्या बाबतीत ज्यांना एवढं कळतं, तीच माणसं बॉक्सरच्या बाबतीत एका आकड्यावर का भुलतात?

टक्केवारीचंही तेच. डिओन्टे वाइल्डर फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीपुढे दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा ४२ विजय आणि त्यांतले ४१ नॉकआउट त्याच्या नावावर होते. मार्सियानोचे ४९ पैकी ४३, लुईसचे ६६ पैकी ५२. टक्केवारीने पाहिलं तर वाइल्डर कितीतरी पुढे. पण लुईसने जगज्जेता म्हणून पंचवीस वेळा किताब राखला. त्याच्या यादीत स्वतः जगज्जेते असलेले किती आहेत ते पाहा आणि वाइल्डरच्या पहिल्या तीस जणांची नावं सांगून दाखवा. वाइल्डरचा उजवा हात खोटा आहे, असं मी म्हणत नाही. २०१८ मध्ये बाराव्या फेरीत त्याने स्वतःहून ४४ पौंडांनी जड असलेल्या फ्युरीला ज्या तऱ्हेने सपाट केलं, ते पाहून कुणालाही वाटलं असेल की हा आता उठत नाही. तो एक ठोसा मी माझ्या हिशेबात फार वर धरतो. एकट्या उजव्या हाताचाच विचार केला तर वाइल्डरच्या वरची माणसं बोटांवर मोजता येतील. पण ते त्या ठोशामुळे. ४१ या संख्येमुळे नाही.

टक्केवारीतला खरा दोष याहूनही खोल आहे. ती पडलेल्या माणसांची मोजदाद ठेवते, उभ्या राहिलेल्यांच्या शरीरात काय शिरलं त्याची नाही. २९ सप्टेंबर १९७७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अर्नी शेव्हर्स पंधरा फेऱ्या मुहम्मद अलीला मारत राहिला. अली पडला नाही आणि गुणांवर जिंकला. शेव्हर्सच्या खात्यात त्या रात्रीची फक्त एक हार आहे. पण अलीचा वर्षानुवर्षांचा डॉक्टर फर्डी पाचेको या लढतीनंतर त्याला सोडून गेला, कारण तपासण्यांत अलीच्या मूत्रपिंडांचं दिसलेलं नुकसान कुणी मनावर घेत नव्हतं. अली तेव्हा ३५ वर्षांचा होता. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनची लक्षणं असल्याचं निदान झालं. एका लढतीने ते झालं असं कुणी शहाणा म्हणणार नाही, तो आयुष्यभराचा साठा होता. तरी त्या रात्रीचे ठोसे कुठल्या टक्केवारीत बसतात? लॅरी होम्सलाही शेव्हर्सने १९७९ मध्ये सातव्या फेरीत असं पाडलं की लढत संपलीच असं वाटलं. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत त्यानेच शेव्हर्सला थांबवलं. पुढे १९८८ मध्ये टायसनने होम्सला चौथ्या फेरीत संपवलं. कागदावर टायसन पुढे. पण होम्स १९७९ मध्ये २९ वर्षांचा, ऐन भरातला होता, आणि १९८८ मध्ये ३८ वर्षांचा, जवळपास दोन वर्षं रिंगणाबाहेर राहून आलेला. दोघांचेही हात स्वतःच्या डोक्यावर झेललेला होम्स सगळ्यात जड हात म्हणून शेव्हर्सचं नाव घेत आला आहे. त्याची साक्ष मी कुठल्याही टक्केवारीपेक्षा जड मानतो.

इथेच त्या चौथ्या माणसालाही उत्तर मिळतं, जो म्हणतो काळाकाळांची तुलना होत नाही. का नाही होत? काळ काही कुंपण घालून वेगळे ठेवलेले नाहीत. होम्स शेव्हर्सशी लढला आणि टायसनशीही. इव्हँडर होलीफिल्ड हा हेवीवेट फोरमनशी लढला आणि टायसनशीही. या माणसांच्या हनुवट्या एका पिढीतून दुसरीत गेल्या आहेत. त्यांचं वय आणि तयारी लक्षात घेतली तर साखळी जोडता येते. ती सोन्याच्या काट्याइतकी नेमकी नसेल. पण इतिहास लिहिणारे याहून तुटक्या पुराव्यांवर निष्कर्ष काढतात आणि आपण ते मानतो.

या साखळीतला सगळ्यात मजबूत दुवा म्हणजे स्वतः फोरमन, कारण त्याच्या बाबतीत मारणारा हातच दोन काळांत हजर आहे. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. फ्रेझर तेव्हा अजिंक्य होता, जगज्जेता होता, अलीला हरवून बसलेला होता. थकलेला नव्हता, म्हातारा नव्हता. पुढच्या वर्षी काराकासला केन नॉर्टन दोन फेऱ्यांत गेला, ज्याने अलीचा जबडा मोडला होता. मग त्याच वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासाची लढत आली, आणि तिथे अलीने आठव्या फेरीत फोरमनलाच पाडलं. १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरून तो निवृत्त झाला, दहा वर्षं प्रवचनं करत राहिला आणि १९८७ मध्ये अडीचशे पौंडांच्या आसपासचा, डोक्यावरचे केस गेलेला माणूस होऊन परत आला. ५ नोव्हेंबर १९९४. वय ४५. समोर सव्वीस वर्षांचा, पस्तीस लढतींत एकदाही न हरलेला मायकेल मूरर. नऊ फेऱ्या फोरमन मागे होता. दहाव्या फेरीत उजवा हात आखूड अंतरातून गेला आणि मूरर दहा मोजेपर्यंत उठला नाही. वेग गेला होता, पाय गेले होते, दम अर्धा उरला होता. तरी हात तेवढाच जड राहिला. एकवीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या पिढ्यांच्या अजिंक्य विजेत्यांवर, दोन वेगळ्या शरीरांतून एकाच माणसाने हे केलं. असं दुसरं उदाहरण हेवीवेटच्या इतिहासात कुणी दाखवावं.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही जड आहेत. अली किन्शासाला दोरांवर रेलून फोरमनचे ठोसे खात राहिला आणि पडला नाही. १९९१ मध्ये होलीफिल्ड बारा फेऱ्या उभा राहून गुणांवर जिंकला. मग कसला सगळ्यात जड हात? पण पाहणाऱ्याने नीट पाहावं. अलीने बरेचसे ठोसे हातांवर आणि दंडांवर घेतले, डोकं मागे झुकवून आणि दोरांच्या सैलपणाचा उपयोग करून. होलीफिल्डने वयाने चौदा वर्षं मोठ्या माणसापुढे पाय थांबू दिले नाहीत. येणारा ठोसा दिसला की मान आवळली जाते, शरीर ठोसा जातो त्याच दिशेने मागे सरकतं आणि त्याचा जोर वाटला जातो. न दिसलेला ठोसा डोकं एकदम फिरवतो आणि शुद्ध हरपते ती मुख्यतः त्या फिरण्याने. लुईस आणि जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंग यांच्या दोन लढती याहून स्वच्छ दाखला देतात. १९३६ च्या जूनमध्ये लुईस बाराव्या फेरीत हरला, कारण जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर त्याचा डावा हात खाली येतो, हे श्मेलिंगने आधीच हेरलं होतं. (त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कबड्डी दाखवायला गेलं होतं. आपल्या भागात शरीरविद्येचा विचार किती जुना आहे, हे पोरांना कळावं म्हणून सांगतो.) दोन वर्षांनी त्याच लुईसने त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. हाताची ताकद दोन वर्षांत बदलली नव्हती. डावा हात जागेवर आला होता.

म्हणून या वादाचं पर्यवसान काय होतं, याची मला काळजी वाटते. दंड आणि आकडा यांच्या नादात पोरं बॅगवर नुसते उजवे हात घालतात. जॅब शिकायला कुणी तयार नाही, पाय हलवायचा कंटाळा येतो. दोघं मिळून गावात ग्लोव्ह्ज आणतात आणि हेडगार्डशिवाय, कुणी मोठं माणूस जवळ नसताना, 'कोणाचा हात जड' ते एकमेकांच्या डोक्यावर ठरवतात. ठोशांनी बावचळलेल्या बॉक्सरांवर अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टराने १९२८ सालीच लिहून ठेवलं आहे. शंभर वर्षं होत आली. ज्या पोराचं उद्या भरतीत नाव लागायचं आहे, जो खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाकडे डोळे लावून बसला आहे, त्याने हे का वाचलेलं नसावं? आणि विदर्भाचीच हेवीवेट पाहायची असेल तर नागपूरच्या अल्फिया पठाणकडे पाहा. २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्सेला युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोंवरील गटाचं सुवर्ण तिने घेतलं. अंतिम लढत पाचही पंचांच्या निकालाने, गुणांवर. त्या लढतीची रील आमच्या पोरांच्या मोबाइलवर मला अजून दिसलेली नाही.

कुणी दाता तालुक्याच्या संकुलाला ठोसा मोजणारं यंत्र द्यायला निघाला, तर मी त्याला विनंती करीन की त्या पैशात वीस हेडगार्ड द्या, आणि स्पर्धेच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर मैदानावर बसेल अशी सोय करा. फोरमन आणि शेव्हर्सचा वाद पोरांनी खुशाल घालावा, रात्रभर घालावा. पण जो कुणी नाव घेईल त्याने सोबत समोरच्याचं नाव, त्याचं वजन, त्याचं वय आणि त्या दिवशीचा नियम सांगावा. फोरमनच्या बाजूने मी हे सगळं मांडलं आहे. वाइल्डरवाल्यांनी आता त्यांचं मांडावं.